काका, वडकीच्या विसाव्याबद्दल

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

हे उघडं पत्र आहे. तुम्ही मोबाइलवर हरिपाठापलीकडे काही वाचत नाही, तेव्हा सूनबाई वाचून दाखवतील अशी आशा.

२०१९ ची वारी. भवानी पेठेतला मुक्काम हलवून माउलींची पालखी सासवडला निघाली होती, आणि मी तुमच्या दिंडीत नवखी. वडकीला टेकलो तेव्हा माझ्या पिशवीवरचा सप्तरंगी बिल्ला पाहून तुम्ही विचारलंत, "हे कशाचं गं?" पाय सुजले होते, खोटं बोलायचं त्राण नव्हतं. मला मुलगेही आवडतात आणि मुलीही, असं सांगून टाकलं. वर म्हटलं, याला मराठीत उभयलिंगी म्हणतात, पण शाळेत तो शब्द गांडुळाच्या धड्यात होता. तुम्ही जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर. "जास्वंदीच्याही होता," म्हणालात. "पाणी भरून घे, पुढे घाट आहे."

बाकी काही नाही. त्याचेच आभार मानायचे आहेत.

कारण तोवर मला सगळीकडे काहीतरी चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावं लागे. समलिंगी-उभयलिंगी हक्कांच्या मोर्च्यात कपाळावरचा बुक्का पाहून "तू पण त्यांच्यातलीच का?" भजनी मंडळात मोर्च्याचं नाव काढायची सोय नाही. आणि आमच्याच माणसांत, "तुझं अजून ठरत नाहीये वाटतं." हे शेवटचं सगळ्यात लागायचं.

त्याच दिवशी दिंडीतले एक जण म्हणाले, विठोबाच्या वाटेवर राजकारण नको, बिल्ला काढ. तुम्ही त्यांना साने गुरुजी ऐकवलेत. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसले, ते काय होतं मग? (तुलना फार मोठी, मला ती पेलत नाही. पण तेव्हा बरं वाटलं.) ते गृहस्थ पटून गप्प झाले असं नाही, सासवडपर्यंत पुटपुटत होते. बिल्ला मात्र राहिला.

६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा, निकाल आला तेव्हा मी कोथरूडला एका मुलीबरोबर राहत होते. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, तोवर माझं एका मुलाशी रीतसर लग्न झालं होतं. "सुटलीस, आता तुझा काय संबंध?" असं कितीजणांनी विचारलं! मी तीच होते. त्या संध्याकाळी तुम्हाला फोन करून अर्धा तास भांडले. तुम्हाला निकाल योग्य वाटत होता, आजही वाटतो. मला तुमचं पटत नाही, तुम्हाला माझं. तरी फोन ठेवताना "आषाढीला येतेस ना?" हे तुम्हीच विचारलंत.

यंदा नवराही येतोय. त्याला टाळ धरता येत नाही, तेवढं तुम्ही बघा. बिल्ल्याची पिन गंजली होती, नवी बसवली आहे. गुडघ्याचा पट्टा विसरू नका.

तुमची,
दिंडीतली पोर