दगडी पुलाचा शत्रू वरून येतो

महोदय,

रविवार पुरवणीतील जर्मनीच्या रेगेन्सबुर्ग शहरावरचा लेख आवडला. मात्र डॅन्यूबवरचा तिथला दगडी पूल पावणेनऊशे वर्षे जसाच्या तसा उभा आहे, हे त्यातले विधान बरोबर नाही. 1135 ते 1146 या काळात बांधलेल्या या पुलाच्या तीन बुरुजांपैकी आज एकच उरला आहे. एप्रिल 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पुलाचा काही भाग सुरुंग लावून उडवला आणि तो 1967 मध्ये पुन्हा बांधून झाला.

पूल टिकला तो देखभालीमुळे. खांबांच्या पायथ्याशी ओकचे खुंट ठोकून, आत दगड भरून टोकदार बेटे केली आहेत, म्हणजे प्रवाह पायाखालची माती खरवडत नाही. खुंट कायम पाण्यात राहिले तर शतकानुशतके टिकतात. पाणी उतरून उघडे पडले की कुजतात. बेटांनी पात्र आवळल्यामुळे कमानींखाली भोवरे होतात, ही त्याची किंमत.

खरे नुकसान मात्र वरून होते. फरसबंदीतून पाणी मुरते, सोबत बर्फ वितळवायला टाकलेले मीठही जाते. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते. मिठाचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि दर्शनी थर पापुद्र्यासारखा सुटतो. कमानीच्या पोटाला पांढरा क्षार साचलेला दिसला, तर गळती वरच्या रस्त्यातच शोधावी. तिथे 1997 मध्ये मोटारी आणि 2008 मध्ये बसही बंद झाल्या, आणि हे नुकसान भरून काढायला 2010 ते 2018 अशी आठ वर्षे दुरुस्ती चालली.

आपल्याकडे बर्फ नाही, पण मुरणारे पाणी आणि पिंपळाची मुळे आहेत. त्यावर सिमेंटने दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, भरणे हा उपाय नव्हे. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण असते, ओल बाहेर पडू देत नाही; मग दर्जा शाबूत राहते आणि कडेचा दगड झडतो. जुनी दर्जा रुंदीच्या निदान दुप्पट खोल खरवडून, धुऊन, दगड ओला असतानाच चुना भरावा आणि काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावा.

महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला. तेव्हापासून पाहणीची चर्चा होते, पण पाण्याखालचा पाया पाणबुड्या उतरवून दर पुरानंतर तपासायला हवा. पावसाळ्याआधी कठडे रंगवले जातात, पन्हळी मात्र मातीने बुजलेल्याच असतात. आधी त्या मोकळ्या कराव्यात.

— एक स्थापत्य अभियंता, महाड