तिचं नाव विचारशील?

विनिपेग, कॅनडा
6 मे

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "आवाज असा का गं?" तेव्हा काही बोलले नाही. जे मनात आहे ते फोनवर सांगता येणार नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

काल इथे लाल पोशाखांचा दिवस होता. इथल्या आदिवासी समाजातल्या ज्या बाया-मुली बेपत्ता झाल्या, ज्यांचे खून झाले, त्यांच्यासाठी झाडांना रिकामे लाल झगे टांगतात. जेमी ब्लॅक या मेटी (इथला एक मिश्रवंशीय आदिवासी समाज) कलावंत बाईंनी 2010 मध्ये हे सुरू केलं. ड्यूटी संपल्यावर मी नदीकाठी गेले. कोपऱ्यात बर्फ अजून वितळतोय, झाडांना पानं नाहीत. एक झगा पाच-सहा वर्षांच्या पोरीचा होता. तारेच्या हँगरला अडकवलेला, खालची झालर चिखलाने भरलेली. वाऱ्याने तो फुगला आणि मला एकदम गोव्यातल्या कुंभारजुव्याचं खाजन, आपलं खाडीकाठचं शेत, दिसलं. बांधावर वाळत घातलेलं तांबडं, चौकटींचं कापड.

कुणाचं ते तुला कळलंच असेल. त्याच्याकडे येतेच.

माझ्या वॉर्डमध्ये एक क्री या आदिवासी समाजातली बाई काम करते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिच्या आजीला लहानपणी निवासी शाळेत नेलं. दीड लाखाहून जास्त मुलं अशी आईबापांपासून तोडली, आई. सरकारचा पैसा, चर्चचा कारभार. केस कापायचे, स्वतःची भाषा बोललं की मार, आणि किती तरी शाळांमध्ये नावाऐवजी नंबर. आजीला म्हातारपणीही तो नंबर पाठ होता, म्हणाली.

तिच्या आईची गोष्ट वेगळीच. तिने गोऱ्या माणसाशी लग्न केलं आणि आदिवासींच्या सरकारी यादीतून तिचं नाव गेलं. 1876 च्या कायद्याचा तसा नियमच होता. आदिवासी पुरुषाने गोरी बायको केली तर ती गोरी बाई यादीत येई, पण आदिवासी बाईने परका नवरा केला की ती आदिवासीच राहत नसे. राखीव गावात परतून राहायचा हक्क गेला, तिथल्या मातीत पुरून घ्यायचासुद्धा. याच्याविरुद्ध बायाच उभ्या राहिल्या. मेरी टू-ॲक्स अर्ली वर्षानुवर्षं झगडल्या. जेनेट कॉर्बिएर लाव्हेल 1973 मध्ये सुप्रीम कोर्टात हरल्या. 1979 मध्ये टोबिक या राखीव गावातल्या बाया ओका गावापासून राजधानी ओटावापर्यंत शंभर मैल चालत गेल्या. त्यांच्यातल्याच सँड्रा लव्हलेस यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे तक्रार नेली आणि 1981 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. कायदा बदलायला 1985 उजाडलं. माझ्या मैत्रिणीच्या आईचं नाव त्यानंतर परत आलं, पण तोवर आजी गेली होती.

आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. 2014 मध्ये इथल्या रेड नदीत पंधरा वर्षांच्या टीना फाँटेनचा मृतदेह मिळाला. तेव्हापासून लोक बेपत्ता माणसं शोधायला स्वतःच्या होड्या घेऊन, लोखंडी दांड्याला आकडे बांधून नदीचा तळ चाळू लागले. या बेपत्ता झालेल्या, मारलेल्या बायांबद्दलच्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यात 231 मागण्या आहेत आणि वंशविच्छेद हा शब्द स्पष्ट वापरलाय.

मैत्रिणीने मला विचारलं, "तुमच्याकडेही गोरे होते ना?" मी अभिमानाने सांगायला लागले. 1510 पासून साडेचारशे वर्षं पोर्तुगीज, इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, देव खाडीपलीकडे हलवावे लागले. 1736 च्या फर्मानाने बाटलेल्या लोकांना लग्नातल्या ओव्यांची बंदी, दारात तुळस लावायची बंदी. आजी हे सगळं सांगून मग जात्यावर मुद्दाम मोठ्याने ओवी म्हणायची, तेही सांगितलं. मैत्रिणीने शांतपणे विचारलं, "पण तिथले मूळचे लोक कोण?"

मी म्हटलं, गावडे. आणि गप्प झाले.

आपल्या शेतात भाताचा तरवा लावायला यायची ती. गुडघाभर चिखलात, खांद्यावर त्याच तांबड्या कापडाची गाठ. तिचं खोपट आजोबांच्या जमिनीत, म्हणजे ती मुंडकार, दुसऱ्याच्या जमिनीत राहणारी, नि आपण भाटकार, जमिनीचे मालक. तिच्या आईचं चर्चमध्ये ठेवलेलं एक नाव होतं. 1928 मध्ये मसूरकर महाराजांनी शुद्धी करून त्यांना परत हिंदू केलं तेव्हा दुसरं मिळालं, हे आजीच सांगायची. नवहिंदू म्हणाले त्यांना, पण देवळात नि विहिरीवर कुणी आपलं म्हटलं नाही, आणि तिकडे ख्रिस्ती राहिलेल्या जुन्या सोयऱ्यांशीही तुटलं. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो 2003 मध्ये. गोवा मुक्त झाल्यावर चाळीसहून जास्त वर्षांनी.

आई, ओव्यांची बंदी आठवून ज्या आजीचे डोळे भरायचे, तीच आजी त्या बाईला मागच्या दारी वरून पाणी ओतायची. ओंजळीत. मी पायरीवर बसून बघायचे, मला त्यात काही वावगं दिसायचं नाही. आपण सगळे तिला "गावडीण" म्हणायचो. घरातल्या म्हशीला नाव होतं.

रात्री झोप आली नाही. तिचं नाव आठवेना, आणि मग लक्षात आलं की विसरले नाही, कधी माहीतच नव्हतं.

मामी म्हणाली की ती अजून आहे, त्यांच्या वस्तीवर लेकीकडे असते. दादाला एखाद्या रविवारी गाडी काढायला सांग ना. सावंतवाडीहून काही लांब नाही. मामाच्या घरी बोलावून घेऊ नकोस, तूच तिच्याकडे जा. पाणी दिलं तर पी, चहा दिला तर घे. जुन्या धाल्यांची, बायकांच्या नाचाची, गाणी तिला येत असतील. म्हणावीशी वाटली आणि ती हो म्हणाली तरच फोनवर उतरवून घे. नाही म्हणाली तर नुसती बस. मामा कुरकुरेल, त्याच्याशी मी बोलेन.

पण आधी नाव विचार. तिची आई तिला ज्या नावाने हाक मारायची, ते. आणि मला लगेच कळव, इथे रात्र असली तरी.

गुडघ्याचं औषध चुकवू नकोस. दादा-वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझी,
मनू