पिकअपची पारख किलो-ओहमवर नको

महोदय,

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारे, चुंबक आणि वायरीच्या गुंडाळीचे साधन) विकताना जाहिराती आणि दुकानदार एकच आकडा पुढे करतात: किलो-ओहम, म्हणजे पिकअपच्या वायरीचा विद्युत रोध. ८ चा म्हणजे जुन्या धाटणीचा, १६ चा म्हणजे दुप्पट दमदार, असा समज त्यातून पसरला आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी शिकाऊ वादक उत्तम पिकअप काढून नको ते बसवून घेतात.

रोध वायरीच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो, त्यावरून आवाजाचा जोर कळत नाही. जुन्या धाटणीच्या हंबकरमध्ये (गुणगुण दाबणारा दोन गुंडाळ्यांचा पिकअप) ४२ गेजची वायर असते, एका गुंडाळीला साधारण ५००० वेढे. तेवढेच वेढे ४४ गेजच्या बारीक वायरीने घेतले तर मल्टिमीटर दीडपट आकडा दाखवेल, पण आउटपुट वाढणार नाही. शिवाय तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना ८ किलो-ओहम असलेला पिकअप नागपुरात मे महिन्यातल्या ४५ अंशांना ८.८ च्या आसपास भरेल. तेवढ्याने तो 'हॉट', म्हणजे जास्त जोराचा, होत नाही!

जोर ठरतो तो वेढ्यांची संख्या, चुंबकाची ताकद आणि तारांपासूनचे अंतर यांवर. यातल्या वेढ्यांची किंमत मोजावी लागते. वेढे वाढले की इंडक्टन्स (गुंडाळीचा बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध, हेन्रीत मोजतात) वाढतो आणि वरच्या पट्टीतली धार खाली सरकते. ६ मीटर केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) ६०० पिकोफॅरड धरली, तर ४.४ हेन्रीच्या पिकअपचा स्वर ३.१ किलोहर्ट्झजवळ उठावदार होतो. ८ हेन्रीच्या पिकअपचा २.३ किलोहर्ट्झजवळच. म्हणून तसा पिकअप क्लीन (न फाटलेल्या) आवाजात जाड आणि दबलेला वाटतो, कॉर्डमधले सूर वेगवेगळे ऐकू येत नाहीत, व्हॉल्यूम कमी केल्यावर तर आणखी मळकट होतो.

मग असे पिकअप निघाले कशासाठी? गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी घडवलेला हंबकर १९५७ मध्ये गिटारवर आला. त्यानंतरच्या कित्येक वर्षांच्या अ‍ॅम्पमध्ये गेन (संकेत वाढवण्याची ताकद) बेताचाच असे. १९७० च्या दशकात डिमार्झिओच्या 'सुपर डिस्टॉर्शन'सारखे सिरॅमिक चुंबकाचे, जास्त वेढ्यांचे पिकअप आले ते अ‍ॅम्पच्या पहिल्या व्हॉल्व्हलाच जोरात ढकलण्यासाठी. आजच्या अ‍ॅम्पना आणि डिजिटल प्रोसेसरना गेनची वाण नाही. ज्यांना पेडल न लावता जुन्या एकचॅनेली अ‍ॅम्पचा आवाज फाटका (डिस्टॉर्ट) करायचा आहे किंवा मेटलचे घट्ट, ठोस रिफ वाजवायचे आहेत, त्यांनी हॉट पिकअप जरूर घ्यावा. बाकीच्यांनी, आमच्या मते, अल्निको (अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूच्या) चुंबकाचा ७.५ ते ८.५ किलो-ओहमचा (४२ गेजचा!) पिकअप घ्यावा. मात्र मेण न भरलेला घेऊ नये: जास्त गेनवर त्याची गुंडाळी स्वतःच थरथरते आणि शिट्टी मारते.

पैसे खर्च करण्याआधी उंची तपासा. कडेच्या दोन्ही तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून तारेचा तळ आणि तिच्याखालचा पिकअपचा धातूचा खांब यांमधले अंतर मोजा. हंबकर नेककडचा (दांड्याजवळचा) असेल तर २.४ मिमी आणि ब्रिजकडचा (तारा टेकतात त्या पट्टीजवळचा) असेल तर १.६ मिमी ही सुरुवात. पुढे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत ऐकत जा. अर्ध्या मिलिमीटरनेही फरक कळतो. स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) गिटारसारख्या सिंगल कॉइल, म्हणजे एका गुंडाळीच्या, पिकअपमध्ये चुंबकाचे खांब थेट तारांखाली असतात. असा पिकअप फार वर चढवला तर खांब जाड तारांना ओढतात, सूर डळमळतो आणि बाराव्या फ्रेटवरचा स्वर काही केल्या जुळत नाही. पॉटही (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा बदलता रोधक) पाहा. हंबकरला चुकून २५० किलो-ओहमचा पॉट लागला असेल तर तिखटपणा तिथेच मरतो. ५०० चा बसवला की पुष्कळांची तक्रार मिटते.

विक्रेत्यांना आमची विनंती आहे की रोधासोबत वायरीचा गेज, चुंबकाचा प्रकार आणि इंडक्टन्सही छापावा. कडेच्या दोन खांबांमधले अंतर ५० मिमी की ५३ मिमी, हेही लिहावे, कारण ते ब्रिजशी जुळले नाही तर कडेच्या तारा खांबांच्या बाजूला पडतात. आपल्या पुरवणीत वाद्यांची परीक्षणे छापताना हे आकडे मागून घ्यावेत.

— गिटार दुरुस्ती करणारे दोन कारागीर, पुणे