तक्रार: पहिली आवृत्ती म्हणून विकलेली नंतरची प्रत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा, दुर्मिळ ग्रंथ विभाग

विषय: ‘ट्रायल ऑफ ऑस्कर स्लेटर’ या पुस्तकाच्या 1910 च्या पहिल्या आवृत्तीऐवजी नंतरची आवृत्ती पाठवल्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी विल्यम रफहेड यांनी संपादित केलेले, एका खुनाच्या खटल्याची हकिगत सांगणारे वरील पुस्तक मागवले होते. विक्रीच्या नोंदीत ‘पहिली आवृत्ती, 1910, मूळ वेष्टणासह, सर्व चित्रपाने शाबूत’ असे लिहिले होते. हाती आलेल्या प्रतीला यातले एकही विधान लागू पडत नाही. मी हे लगेच कळवले, तेव्हा आपल्या प्रतिनिधीने ‘आवृत्ती कोणतीही असली तरी मजकूर तोच असतो’ असे उत्तर देऊन तक्रार बंद केली. तक्रारीइतकेच ते उत्तरही मला गंभीर वाटते, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

मजकूर तोच नसतो, आणि या पुस्तकाच्या बाबतीत तर तो तोच असूच शकत नाही. डिसेंबर 1908 मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात मॅरियन गिलख्रिस्ट या वृद्ध स्त्रीचा तिच्या राहत्या घरी खून झाला. मे 1909 मध्ये एडिनबरा येथील उच्च न्यायालयात ऑस्कर स्लेटर याला दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावण्यात आली आणि पुढे ती जन्मठेपेत बदलली गेली. त्याने गहाण ठेवलेल्या ज्या ब्रोचवरून (कपड्यावर लावायच्या दागिन्यावरून) संशय त्याच्यावर आला, तो ब्रोच मृत स्त्रीचा नव्हताच. आणि ज्यांनी त्याला ओळखले, त्या साक्षीदारांना त्याचे छायाचित्र आधीच दाखवले गेले होते. खटल्याच्या वेळी स्वतः न्यायालयात हजर असलेल्या रफहेड यांचे हे पुस्तक 1910 मध्ये निघाले, तेव्हा स्लेटर तुरुंगात होता आणि कायद्याच्या दृष्टीने खुनी होता. त्यानंतर 1912 मध्ये शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल यांनी त्याच्या बाजूने पुस्तिका लिहिली, 1927 च्या अखेरीस त्याची सुटका झाली आणि जुलै 1928 मध्ये अपील न्यायालयाने त्याची दोषसिद्धी रद्द केली.

आपण पाठवलेल्या प्रतीत या 1928 च्या अपिलाची हकिगत छापलेली आहे. 1910 मध्ये छापलेल्या पुस्तकात अठरा वर्षांनंतरचा निकाल येऊ शकत नाही, हे ओळखायला तज्ज्ञाची गरज नव्हती. नोंद लिहिणाऱ्याने अनुक्रमणिका एकदा चाळली असती तरी पुरे होते. शिवाय पुस्तकाच्या कण्यावर ‘नोटेबल ब्रिटिश ट्रायल्स’ असे मालिकेचे नाव आहे. विल्यम हॉज यांच्या प्रकाशनसंस्थेने 1905 मध्ये ही खटल्यांची मालिका सुरू केली, तेव्हा स्कॉटलंडमधले खटले ‘नोटेबल स्कॉटिश ट्रायल्स’ या नावाने निघत असत आणि स्लेटरचा 1910 चा खंडही त्याच नावाखाली आला. या मालिकेचे खंड विकणाऱ्या कंपनीला एवढी माहिती असावी, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

नंतरची आवृत्ती माझ्या संग्रहात आधीपासून आहे. मला 1910 ची प्रत हवी होती, कारण निकाल उलटण्याआधी हा खटला वाचकांसमोर कसा मांडला गेला होता, ते मला नंतरच्या आवृत्तीशेजारी ठेवून पाहायचे होते. जुन्या खटल्यांची पुस्तके जमवणारे पहिल्या आवृत्तीचा आग्रह केवळ हौसेपोटी धरत नाहीत. खटला उभा राहिला तेव्हा लोकांना काय ठाऊक होते आणि काय ठाऊक नव्हते, हे त्या वेळच्या छापील पानांतच सापडते. एका निरपराध माणसाची अठरा वर्षांहून अधिक काळ कैदेत गेली असताना तर हा फरक फारच मोलाचा ठरतो.

उरलेल्या दोन बाबी थोडक्यात सांगतो. चित्रांच्या यादीतली काही पाने पुस्तकात नाहीत आणि शिवणीजवळ पात्याने कापल्याच्या सरळ कडा दिसतात, म्हणजे ती गळून पडलेली नसून काढून घेतलेली आहेत. वेष्टण तर आजच्या गुळगुळीत कागदावरची रंगीत छायाप्रत आहे. नक्कल वेष्टण घालण्याला माझी हरकत नाही, पण ते नक्कल आहे असे नोंदीत लिहिले पाहिजे.

‘जुनी पुस्तके आहे त्या स्थितीत विकली जातात’ या आपल्या अटीचाही आधार प्रतिनिधीने घेतला. कागदावरचे तपकिरी डाग, सैल झालेली बांधणी किंवा आधीच्या मालकाची सही यांबद्दल ही अट मी विनातक्रार मान्य करीन. परंतु ती पुस्तकाच्या स्थितीपुरती आहे. चुकीचे साल आणि नसलेली पाने तिच्या आड झाकता येणार नाहीत. दूरवरून खरेदी करणाऱ्याला पुस्तक हाताळून पाहता येत नाही, त्याचा सगळा भरवसा आपण लिहिलेल्या चार ओळींवर असतो.

म्हणून माझी मागणी अशी की, पुस्तकाची पूर्ण रक्कम, पाठवणीचा खर्च आणि ते परत पाठवण्याचा खर्च मला मिळावा. आपण देऊ केलेली अंशतः सवलत मला मान्य नाही, कारण सवलत घेतली तर चुकीची नोंद जागच्या जागी राहील. प्रत परत आल्यावर ती पुन्हा विकायची असल्यास तिची खरी आवृत्ती, कापलेली पाने आणि नक्कल वेष्टण यांचा स्पष्ट उल्लेख करावा, आणि शीर्षकपृष्ठाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे नोंदीसोबत द्यावीत. याच मालिकेचे आणखी काही खंड आपल्याकडे ‘पहिली आवृत्ती’ म्हणून विक्रीला आहेत. तेही आपण तपासून घ्यावेत.

पुस्तक मी आले त्याच पार्सलच्या आवरणात बांधून ठेवले आहे. ते कोणत्या पत्त्यावर पाठवायचे, हे मला लेखी कळवावे.

आपला ग्राहक

सोबत: विक्रीच्या नोंदीची प्रत, शीर्षकपृष्ठ, अनुक्रमणिका, कणा आणि कापलेल्या पानांची छायाचित्रे, आपल्या प्रतिनिधीशी झालेला पत्रव्यवहार