विदूषकाला झगा हवा, चेटकिणीला गुहा : बालनाट्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या वाचनालयाची मुले यंदा 5 नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, नवे बालनाट्य करत आहेत. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, ‘सीता स्वयंवर’ रंगवले. भाव्यांच्या खेळात सूत्रधारापाठोपाठ विदूषक नाचत यायचा. आमच्या नाटकाचा तर नायकच विदूषक, म्हणून मुद्दाम हा दिवस धरला.

गोष्ट अशी. एक चेटकीण अख्ख्या राज्याचे आवाज चोरून मडक्यांत कोंडते. राजाला हुकूम सोडता येईना, आईला अंगाई म्हणता येईना. वाचतो फक्त दरबारातला विदूषक. चोरीच्या वेळी तो बेडकाची नक्कल करत होता, त्यामुळे तिच्या हाती लागते नुसते डरांव डरांव! मडकी उघडतात ती चेटकिणीच्याच हुकमाने. मग हा नकलाकार एकटा तिच्या गुहेत शिरतो. पुढचे इथे फोडत नाही.

मडक्यांची युक्ती मुलांचीच. पाचवीतली एक मुलगी रांजणात तोंड घालून “सोडवा मला” म्हणते, तेव्हा आवाज असा घुमतो की तालीम बघायला आलेली लहानगी आईचा पदर घट्ट धरतात. हे ऐकल्यावर आयते रेकॉर्डिंग अजिबात वापरायचे नाही, असे ठरले. पेटी-तबल्याची साथही समोर बसूनच हवी. आठवड्यातून दोन संध्याकाळी देऊ शकतील अशा वादकांनी जरूर कळवावे.

पैशाची खरी ओढ आहे ती नाट्यगृहाच्या भाड्याला आणि प्रकाशयोजनेला. गुहेतला हिरवा उजेड नसेल तर चेटकीण नुसती काळी साडी नेसलेली ताई दिसेल. यातली बरीच मुले मजुरी करणाऱ्या घरांतली आहेत. त्यांच्याकडून वर्गणी घ्यायची नाही, हा आमचा पहिल्यापासूनचा नेम आहे आणि तो मोडायचा नाही.

वस्तूही चालतील. जरीच्या जुन्या साड्या, फाटलेले शालू, बैलाच्या गळ्यातली घुंगरे (विदूषकाच्या टोपीला), फुटकी-तुटकी मडकी, रांजण. शिवणकाम येणाऱ्या काकू-मावशींनी दिवाळीआधी दोन दुपारी दिल्या तर दरबार उभा राहील. तालमीनंतर मुलांना भडंग-केळी देण्याची जबाबदारी कुणी एखाद्या दिवसापुरती उचलली तरी मोठा भार हलका होईल.

देणगी वाचनालयात रोज सायंकाळी 5 ते 8 या वेळेत स्वीकारली जाईल, पावती लगेच मिळेल. हिशेब प्रयोगानंतर फलकावर लावू. प्रवेश सर्वांना विनामूल्य आहे. देणगी जमली नाही तरी पोराबाळांना घेऊन नक्की या.