सिसेरोपासून दिल्लीपर्यंत

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि.

फोनवर सगळं सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. लाँग वीकेंडला न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात गेलो होतो, तळी बघायला, पण बाबा, मी तळ्यांपेक्षा पाट्याच जास्त वाचल्या आणि सारखी तुमची आठवण येत होती. ८१ नंबरच्या हायवेने सिरॅक्यूजकडे निघालो की आधी मॅरेथॉन लागतं, मग होमर, मग टली, आणि सिरॅक्यूजच्या पुढे सिसेरो, आता टली आणि सिसेरो म्हणजे एकाच माणसाची दोन नावं, रोमचा तो वक्ता! आजूबाजूला व्हर्जिल, ओव्हिड, हेक्टर, सगळं ग्रीक-रोमन, आणि गावं म्हणाल तर एक पेट्रोल पंप, एक चर्च, मक्याची शेतं.

मग रात्री वाचत बसले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांना मोबदला म्हणून जमीन कबूल केली होती, त्यासाठी तिथे २८ टाउनशिप आखल्या, प्रत्येकीत ६०० एकरांचे १०० तुकडे, आणि नकाशावर नावं घातली सरकारी ऑफिसात बसून. रॉबर्ट हार्पर नावाच्या तिथल्या कारकुनाला ह्याचं श्रेय देतात. पण जमीन काय मोकळी पडलेली नव्हती, ओनंडागा आणि कायुगा ह्या तिथल्या मूळ रहिवाशांची होती ती, १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून सैन्याने त्यांची गावं, उभं पीक, फळबागा सगळं जाळलं होतं आणि दहाबारा वर्षांत त्याच जागी होमर आणि ओव्हिड. ते वाचल्यापासून त्या पाट्यांकडे बघून मला मजा वाटेना. तळ्यांची नावं तेवढी राहिली, कायुगा, सेनेका, ओनंडागा.

आपल्याकडे नावं रिपीट होतात ते किती वेगळं आहे ना. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव निंबाळकर, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, कोणी कोणाचं नाव उचललं नाही, जिथे वड तिथे वडगाव, आणि घोळ व्हायला लागला तेव्हा लोकांनीच मागे काहीतरी जोडलं. पिंपळगावांचं तर विचारूच नका. घोळ निस्तरायला मात्र तुम्ही होता, रात्रभर आरएमएसच्या, म्हणजे रेल्वेतल्या टपालाच्या, डब्यात उभं राहून. तुम्ही सांगायचात की नुसतं ‘मु. पो. वडगाव’ लिहिलेलं पत्र आलं की आधी शिक्का बघायचा, मग पाठवणाऱ्याचं आडनाव, आणि तरी कळलं नाही तर शेजारच्याला विचारायचं, पण परत पाठवायचं नाही. मला त्याचं मोल आता कळतंय. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतात कविता करणारे, हे मी इथल्या मित्रांना अभिमानाने सांगते. सारखी गावं आणि दहा लिप्या, त्यावर सहा आकडे! अमेरिकेतला झिपकोड १९६३ चा, म्हणजे आपण काही फार मागे नव्हतो.

येताना मुद्दाम वाट वाकडी करून दिल्लीला गेलो. हो, न्यूयॉर्कमध्ये दिल्ली आहे, डेलावेअर काउंटीत, छोटंसं कॉलेजचं गाव, चारी बाजूंनी टेकड्या. स्पेलिंग आपलंच, पण ते म्हणतात ‘डेलहाय’. कॉफीच्या दुकानातल्या आजींना मी म्हटलं आम्ही भारतातले, तर त्यांनी हातातलं काम ठेवून मला दोनदा ‘दिल्ली’ म्हणायला लावलं आणि स्वतः म्हणून बघितलं. त्या भागातले जज एबेनेझर फूट ह्यांना लोक ‘ग्रेट मोगल’ म्हणायचे, त्यावरून हे नाव पडलं म्हणे.

आणि आई, बॉम्बे पण आहे! पार वर, कॅनडाच्या बॉर्डरला. मायकेल होगन नावाच्या जमीनदाराने ते नाव दिलं, त्याच्या बायकोचं मुंबईशी नातं होतं. गाव १८३३ चं. आपलं बॉम्बे १९९५ मध्ये मुंबई झालं, ते अजून बॉम्बेच आहे. ते बघायचं राहिलंय, तुम्ही आलात की जाऊ, लांब आहे पण वाटेत मुक्काम करू, बाबांच्या गुडघ्यांना सलग बसायला नको.

व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं मी बघते, तुम्ही फक्त पासपोर्टचे फोटो पाठवा, दोन्ही पानांचे. आणि बाबा, डब्यात वडगावांना वेगवेगळे खण होते का हो, की सगळी एकाच खणात टाकून नंतर बसून वेगळी करायचात? हे मला नीट लिहून पाठवा.

तुमची,
मनू