आमच्या तक्त्यांना आडवे पान देणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. आमच्या ग्रामसभेचा सामूहिक वनहक्क व्यवस्थापन आराखडा शिवून हाती आला असून त्यातील कक्षनिहाय, म्हणजे जंगलाच्या एकेका भागागणिक, वनोपजाचे तक्ते गावातील कोणालाही पान डोळ्यांजवळ न नेता वाचता येत आहेत. याचे श्रेय तालुक्याच्या ठिकाणी तो टाइप करून पानांवर मांडणाऱ्या तुमचे आहे. आराखड्यात नाव छापण्याचा विषय काढला तेव्हा तुम्ही तो हसण्यावारी नेलात, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे.

वनहक्क कायदा २००६ चा. हक्क मिळालेल्या वनाच्या संवर्धनाचा आणि व्यवस्थापनाचा आराखडा ग्रामसभेने स्वतः करावा, हे २०१२ च्या नियमदुरुस्तीने स्पष्ट झाले. आमच्याच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून वाट दाखवली, त्या वाटेने आमच्यासारखी गावे चालत आहेत. पण जंगल फिरून, झाडे मोजून, मोहफुलापासून चारोळीपर्यंतची नोंद चौदा रकान्यांत मांडल्यावर ती कागदावर बसवताना आमचे घोडे अडले. ए-फोर पान उभे धरले तर रुंदी २१० मिलिमीटर, त्यातून शिलाईकडचे ३५ आणि पलीकडचे २५ सोडले की एका रकान्याच्या वाट्याला ११ मिलिमीटरही येत नाहीत. तेवढ्या जागेत ‘हक्कदार कुटुंबे’ हे शब्द तुकडे होऊन एकाखाली एक पडतात.

तालुक्याच्या ठिकाणी याआधी ज्यांनी हे काम केले, त्यांनी पैसे घेताना कुचराई केली नाही. एकाने अक्षरे इतकी बारीक केली की आकड्यांतील दशांशचिन्ह आणि कागदावरचा डाग यांत फरक उरला नाही. दुसऱ्याने तक्त्याचे चित्र करून ते आडवे चिकटवले. पुढे एक आकडा बदलायचा झाला, तर चित्रातला आकडा बदलणार कसा? तिसऱ्याने एका तक्त्यासाठी सगळा आराखडाच आडवा करून दिला. एक महाशय तर हिरडा, बेहडा आणि डिंक हे रकाने काढूनच टाका म्हणाले, ‘गावच्या कामाले एवढं चालते.’ त्या रकान्यांत आमच्या बायकांची उन्हाळाभराची मेहनत होती, हे त्यांच्या गावीही नव्हते.

तुम्ही मात्र कीबोर्डला हात लावण्याआधी विचारलेत, ‘काकाजी, हे बुक कोणत्या बाजूनं शिवणार हाये?’ हा प्रश्न तोवर कोणीही विचारला नव्हता. मग रद्दीतले चार कोरे कागद घेऊन तुम्ही डाव्या काठाला स्टेपल मारलेत, त्यातील एकावर पेनाने आडवा तक्ता आखलात आणि ती इवलीशी वही माझ्या हातात देऊन उलटायला लावलीत. तक्त्याचे डोके शिलाईकडे ठेवले तर वही उजवीकडे एकदाच फिरवून वाचता येते, उलट ठेवले तर वाचणाऱ्याची मान आणि वही यांची झटापट होते, हे मला त्या कोऱ्या कागदांवर उमगले. आराखडा पारावर बसून वाचणाऱ्या माणसाच्या हातात तो कसा राहील, याचा विचार कागदावर एक अक्षर उमटण्यापूर्वीच तुमच्या मनात होता. ती स्टेपल मारलेली वही मी अजून टाकलेली नाही.

पुढचे काम तुम्ही तासाभरात उरकलेत. वर्डमध्ये आख्खा तक्ता फिरवण्याची आज्ञाच नाही, टेक्स्ट डिरेक्शनने फार तर चौकटीतला मजकूर फिरतो. त्यामुळे तक्त्याच्या आधी आणि नंतर सेक्शन ब्रेक देऊन, म्हणजे फाइलचा तेवढा भाग वेगळा पाडून, तेवढीच पाने लँडस्केप, म्हणजे आडवी, करावी लागतात, हे तुम्ही जाता जाता सांगितलेत. आडव्या पानावर रकान्यांना २४७ मिलिमीटर मिळाले आणि शीर्षकांचा श्वास मोकळा झाला. शिलाईची मोकळी जागा वरच्या बाजूला घेणे, तक्ता पुढच्या पानावर गेल्यास मथळ्याची ओळ तिथेही येईल अशी सोय करणे, हेही तुम्ही न सांगता केलेत. पृष्ठक्रमांक तर डाव्या काठाशी वरून खाली असा फिरवून ठेवलात, म्हणजे बांधलेल्या वहीत तो इतर पानांप्रमाणे खालीच, सरळ दिसतो. त्यासाठी मागच्या-पुढच्या सेक्शनशी असलेला फूटरचा, म्हणजे पृष्ठक्रमांकाच्या तळपट्टीचा, दुवा तोडावा लागला, नाहीतर गावाच्या इतिहासाच्या पानांवरही आकडे आडवे झाले असते. हे बारकावे कोणी तपासणार नव्हते आणि पैसे तुम्ही टायपिंगच्या नेहमीच्या दरानेच घेतलेत.

सज्जनपणा म्हटला की आपल्याला मोठे दान किंवा मोठा त्याग आठवतो. मला तो अलीकडे नीट लावलेल्या पृष्ठक्रमांकातही दिसू लागला आहे. खेड्यातून आलेल्या माणसाचे काम कसेबसे चालणारे नसून नीटच व्हायला हवे, असे मानणारी माणसे तालुक्यात आहेत, हे कळल्याने आमच्या समितीला बळ आले. ग्रामसभेत तक्ता वाचला गेला तेव्हा एका आजींनी डिंकाच्या रकान्यावर बोट ठेवून कक्षाचा आकडा चुकल्याचे सांगितले. तो आकडा त्याच संध्याकाळी आमच्या शाळेतल्या संगणकावर दुरुस्त झाला, कारण तुम्ही तक्ता तक्ताच ठेवला होता.

पुढील हंगामापासून मोहफुलाच्या साठवणुकीचा पंधरावा रकाना वाढवण्याचे ठरले आहे. तेंदूची धांदल आटोपली की फाइल घेऊन येईन. तेव्हा दर मात्र कामाला शोभेल असा लावावा, ही समितीची विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
ग्रामसभेच्या वन व्यवस्थापन समितीचा एक सदस्य
जिल्हा गडचिरोली